प्राथमिक अभ्यासक्रमाचा प्रश्न आणि कष्टकऱ्यांची मुले

केंद्र सरकारने २०२० मध्ये नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केले. त्यापाठोपाठ २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा आणि २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. प्राथमिक शाळेतील बालकासाठी या दस्तऐवजांत काय नाही? भाषा आहे, गणित आहे, भोवतालच्या जगाची ओळख आहे, कला आहे, खेळ आणि आरोग्य आहे, हाताने काम करणेही आहे. ‘सर्वांगीण’ हा शब्द तर इतक्या वेळा आला आहे की मोजणाऱ्याला कंटाळा यावा. याच काळात, ५ जुलै २०२१ रोजी, त्याच सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी इयत्ता संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत अंकगणित यावे हे त्याचे उद्दिष्ट. २०२६-२७ ही त्याची मुदत. आराखड्याची प्रत कपाटात राहते, अभियानाचे तक्ते मात्र शिक्षकाकडून भरून घेतले जातात. शाळेत प्रत्यक्ष काय शिकवले जाते हे कशाचा हिशेब मागितला जातो यावरून ठरते, हे ज्याने जिल्हा परिषदेची शाळा जवळून पाहिली आहे त्याला सांगण्याची गरज नाही.

अशा रीतीने एकाच सरकारच्या हातून दोन अभ्यासक्रम निर्माण झाले आहेत. एक छापील व भरगच्च, दुसरा प्रत्यक्षातला आणि अक्षरओळख व बेरीज-वजाबाकीपुरता आकसलेला. ज्यांच्या पालकांना हजारो रुपये शुल्क परवडते त्यांच्या शाळांत पहिला चालतो: तेथे चित्रकलेचा वेगळा शिक्षक असतो, खेळाचे मैदान असते, वाचनालय असते. मजूर, अल्पभूधारक शेतकरी, आदिवासी आणि दलित यांच्या मुलांच्या वाट्याला दुसरा येतो. म्हणूनच प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम व्यापक व संतुलित असावा ही मागणी केवळ शिक्षणतज्ज्ञांच्या चर्चासत्रात सोडून देण्याजोगी नाही. तो वर्गीय प्रश्न आहे.

आपल्या चळवळीतही या बाबतीत पुरेशी स्पष्टता आहे असे म्हणता येत नाही. शाळा बंद पडू नये, शिक्षकांची भरती व्हावी, पोषण आहार मिळावा यासाठी लढे होतात आणि ते झालेच पाहिजेत. परंतु शाळेत काय शिकवले जावे हा विषय निघाला की अनेक कार्यकर्ते तो ‘तज्ज्ञांचा प्रश्न’ म्हणून बाजूला ठेवतात. काही जण तर प्रामाणिकपणे असे म्हणतात की, गरिबाच्या मुलाला आधी लिहिता-वाचता येऊ द्या, गणित येऊ द्या. चित्र, गाणे, खेळ, प्रयोग हे नंतर पाहू. या म्हणण्यामागील कळकळ खरी आहे. चौथीतल्या मुलाला साधा परिच्छेद वाचता येत नाही हे पाहून ज्याच्या जिवाची तगमग होत नाही त्याने शिक्षणाविषयी बोलू नये. पण हे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारले तर आपण नकळत शासकवर्गाच्याच विभागणीवर शिक्कामोर्तब करतो: डोके आणि सौंदर्यदृष्टी त्यांच्या मुलांना, अक्षर आणि हिशेब आमच्या.

या देशातील कष्टकऱ्यांच्या थोर प्रवक्त्यांनी ही विभागणी कधीच मान्य केली नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले ते बहुधा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून उद्धृत केले जाते. त्यातील अभ्यासक्रमाच्या भागाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन व हिशेब यांवर फुले थांबले नाहीत. सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी मागितले. आणि मागितले ते अशा काळात, जेव्हा या मुलांना शाळेच्या दारात उभे करणेही उपकार समजले जात होते. आधी अक्षर, मग बाकीचे, असा क्रम त्यांनी लावला नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून यावेत, प्रसंगी नांगर किंवा सुताराची हत्यारे हाती धरू शकणारे असावेत आणि लोकांत मिसळणारे असावेत, असेही त्यांनी सांगितले. प्रशिक्षित शिक्षकाचे वेतन किमान किती असावे तो आकडा, दरमहा बारा रुपये, त्यांनी त्याच निवेदनात दिला. अभ्यासक्रम, शिक्षक आणि पगार या तिन्ही गोष्टी फुल्यांनी एकत्र मांडल्या. आजच्या आराखड्यांत नेमकी हीच सांगड तुटलेली दिसते.

ज्या महाराष्ट्रात फुल्यांचे नाव घेतल्याशिवाय एकही सरकारी समारंभ पार पडत नाही, त्याच महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक नावाची योजना आणून तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर शिक्षक राबवण्याची पद्धत रूढ करण्यात आली, हे येथे नोंदवून पुढे गेले पाहिजे.

दुसरा मोठा प्रयत्न वर्धा योजनेचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या मूलभूत शिक्षणाचा आराखडा तयार केला. या समितीने वेळापत्रकच मांडले. दिवसाचे साडेपाच तास. त्यांतील ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व अंकगणित यांना मिळून, ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला, १० मिनिटे शारीरिक शिक्षणाला आणि १० मिनिटे सुट्टीला. या वेळापत्रकावर कोणालाही आक्षेप घेता येईल आणि तो घेतला गेलाही. सुतावर आणि तकलीवर तीन तासांहून अधिक वेळ, आणि विज्ञानाला दुसऱ्या विषयाबरोबर वाटून घेतलेला अर्धा तास, हे संतुलन नव्हे. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा ही त्यामागची कल्पना तर अधिकच आक्षेपार्ह होती. प्रा. के. टी. शाह यांनी त्याच परिषदेत तिला विरोध केला. ज्या देशात लहान मूल आधीच शेतात आणि कारखान्यात राबत होते, तेथे शाळाही उत्पन्नाचे साधन बनली तर बालमजुरीला शिक्षणाचे नाव मिळणार, ही भीती निराधार नव्हती.

तथापि वर्धा योजनेतील एक सत्य या टीकेच्या भरात हरवू नये. उत्पादक श्रम हे ज्ञानाचे साधन होऊ शकते, हात आणि डोके यांची फारकत हीच वर्गसमाजाच्या शिक्षणाची मूळ व्याधी आहे, ही दृष्टी तिच्यात होती. मार्क्सने १८६६ साली पहिल्या इंटरनॅशनलच्या जिनिव्हा काँग्रेसमधील प्रतिनिधींसाठी लिहिलेल्या सूचनांत शिक्षणाची तीन अंगे सांगितली: बौद्धिक शिक्षण, शारीरिक शिक्षण आणि उत्पादनप्रक्रियांची सर्वसाधारण तत्त्वे व साध्या हत्यारांचा वापर शिकवणारे तंत्रशिक्षण. या तिहेरी सूत्रात एकही अंग दुसऱ्याच्या खर्चाने वाढवलेले नाही. गांधीजींच्या मांडणीत चरख्याने विज्ञानाची जागा व्यापली. स्वातंत्र्यानंतरच्या शासकवर्गाने उलट श्रमाला ‘कार्यानुभव’ नावाच्या एका तासिकेत कोंडले. त्या तासिकेत मुले कागदाची फुले करतात किंवा वर्ग झाडतात. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये कार्यानुभवाला जो अर्थ दिला होता त्याचा तेथे मागमूसही राहिलेला नाही. मुलगा ज्याच्या खांद्यावर बसून शाळेपर्यंत आला तो बाप गवंडी असेल, तर ओळंबा, दोरी आणि विटेची मापे ही त्या वर्गातील भूमितीची साधने का होऊ नयेत? त्यासाठी मुलाला गवंडीकामाला जुंपण्याची गरज नाही. गवंड्याच्या ज्ञानाला शाळेत जागा देण्याची गरज आहे.

वेळापत्रकाचे गणित

आता मूळ मुद्द्याकडे. संतुलित अभ्यासक्रम कागदावर आखणे अवघड नाही. तो मोजायचा कुठे, हा प्रश्न आहे. तो विषयांच्या यादीत मोजता येत नाही. शिक्षकाच्या तासांत मोजावा लागतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. याच परिशिष्टानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वाडी-वस्तीवरील शाळेत पटसंख्या चाळीस असली तरी वर्ग मात्र पाच असतात. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता वाटून घेतल्या तर एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे ८०० नव्हे, सरासरी ३२० तास येतात. शाळा एकशिक्षकी असेल तर १६०. दिवसाला ४८ मिनिटे. या ४८ मिनिटांत मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, कला, खेळ आणि कार्यानुभव! उरलेल्या वेळात मुले पाटीवर काहीतरी गिरवत बसतात आणि शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळलेला असतो. अनेक इयत्ता एकत्र घेऊन शिकवण्याच्या पद्धती आहेत आणि कित्येक शिक्षक त्या मोठ्या कौशल्याने वापरतात, ही गोष्ट खरी. पण त्या कौशल्याच्या भरवशावर सरकारने दुसरे पद भरण्याचे टाळावे हे खपवून घेता येणार नाही. हे चित्र अपवादात्मकही नाही. केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या शालेय माहिती संकलनानुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी असून त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले आहेत.

या ४८ मिनिटांतूनही कपात होते. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिगर-शैक्षणिक कामे देता येतात. ‘एवढीच’ या शब्दाची सरकारी व्याप्ती किती असते ते प्रत्येक शिक्षक जाणतो. मतदारयादीचे काम वर्षभर पुरते. त्यात आणखी नोंदी आणि छायाचित्रे पाठवण्याची कामे येतात. वेळ कमी पडला की शिक्षक काय सोडतो? अर्थातच ज्याचा हिशेब मागितला जात नाही ते. प्रथम चित्रकला जाते, मग गाणे, मग खेळ. त्यानंतर परिसर अभ्यासातील प्रयोग व भेटी जातात आणि पुस्तक वाचून दाखवणे उरते. शेवटी भाषेतूनही गोष्ट आणि कविता गळून पडतात, राहतो तो शब्दवाचनाचा सराव. यात शिक्षकाला दोष देणारे बरेच निघतात. शिक्षकाला दोष देण्यास पैसे पडत नाहीत.

कायद्यातच एक मोठी पळवाट आहे आणि तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत अशी तरतूद परिशिष्टात आहे; परंतु ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभरहून अधिक मुले असलेल्या शाळांसाठी. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी अशी तरतूदच नाही. ज्या वयात मूल रेघ, ताल, उडी आणि माती यांतून जग समजून घेते, त्या वयासाठी कायद्याने या विषयांचा एकही जादा शिक्षक आवश्यक मानला नाही. मग २०२३ च्या आराखड्याने कला आणि खेळ यांना कितीही प्रतिष्ठा बहाल केली तरी ती शिकवणार कोण? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा अशी शिफारस कोठारी आयोगाने केली होती. २०२० च्या धोरणाने तो आकडा पुन्हा एकदा श्रद्धापूर्वक लिहून काढला. मधल्या अर्ध्या शतकात तो एकदाही गाठला गेला नाही.

‘आधी वाचन’ या युक्तिवादाचे काय?

वर उल्लेखिलेला प्रश्न, की आधी वाचन-गणित आणि मग बाकीचे, आता तपासून पाहता येईल. वाचन हे अक्षरांची जुळवाजुळव करण्यापुरते असते तर हा क्रम योग्य ठरला असता. परंतु समजून वाचणे म्हणजे वाचलेल्या गोष्टीचे जग आधी थोडेतरी ठाऊक असणे. बाष्पीभवन कधी पाहिले-बोललेच नसेल, नकाशा काढलाच नसेल, बाजारात वजनमाप हाताळून त्याविषयी वर्गात वाद घातलाच नसेल, तर चौथीच्या पुस्तकातील परिच्छेद अडखळत वाचूनही मुलाच्या हाती काही लागत नाही. परिसर अभ्यास, कला आणि काम यांना वाचनानंतर मिळणारे बक्षीस समजणे चूक आहे. वाचनाला ज्याचा आधार लागतो ते हेच. ज्या घरात पुस्तके आहेत, प्रवास आहे, सुशिक्षित आईबाप आहेत, तेथे हा आधार घरीच मिळतो. ज्या घरात ते नाही त्या मुलाला तो फक्त शाळाच देऊ शकते. म्हणजे अभ्यासक्रम अरुंद केल्याने सर्वाधिक नुकसान त्याच मुलाचे होते ज्याच्या हितासाठी तो अरुंद केल्याचे सांगितले जाते.

इतिहासात याचा पुरावा आहे. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेतील निकालाशी जोडले. परिणाम असा झाला की कामगारवस्त्यांतील शाळांत ज्या विषयांना अनुदान नव्हते ते मागे पडले आणि परीक्षकासमोर म्हणून दाखवण्यासाठी मुलांनी वाचनाचे उतारेच्या उतारे पाठ केले. वाचायला न येता वाचून दाखवणारी पिढी तयार झाली. ही पद्धत मोडीत काढायला तेथे तीन दशके लागली. भारतात आज अनुदानाऐवजी सर्वेक्षणांच्या क्रमवाऱ्या आहेत. जोडीला परीक्षाही परत आली आहे: २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून पाचवी व आठवीत मुलांना नापास करण्याची मुभा राज्यांना देण्यात आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी ती अमलात आणली. दहा वर्षांच्या मुलाला नापासाचा शिक्का मारण्याची ही घाई कोणाला आहे? शिक्षक न नेमणाऱ्या सरकारला कोणत्या वर्गात नापास करावे, याची तरतूद मात्र दुरुस्तीत नाही.

यशपाल समितीने १९९३ मध्ये सांगितले होते की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड आहे. सरकारांनी ऐकले ते फक्त दप्तराच्या वजनाबद्दल. महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये सर्व विषयांचे मिळून चार भाग केलेली, मध्ये कोरी पाने बांधलेली पाठ्यपुस्तके आणली गेली आणि दोनच वर्षांत ती गुंडाळलीही गेली. कोऱ्या पानांवर झालेला खर्च शिक्षकांवर झाला असता तर, असा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

भाषेचा प्रश्न

संतुलन बिघडवणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे लहान वयात भाषांची गर्दी. कोठारी आयोगाचे मत स्पष्ट होते: कनिष्ठ प्राथमिक स्तरावर सक्तीची भाषा एकच असावी, मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून लादण्याचा प्रयत्न झाला. १७ जूनला शब्द बदलून तोच निर्णय पुन्हा काढला गेला आणि जनतेच्या विरोधामुळे २९ जून रोजी सरकारला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. या आंदोलनात अस्मितेचा सूर मोठा होता. त्यातील जनवादी आशय मात्र वेगळा आहे आणि तो पक्षाने ठळकपणे मांडला पाहिजे. हिंदी भाषेशी किंवा हिंदी बोलणाऱ्या कष्टकऱ्यांशी कसलेही वैर नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसाला चार तासांत, एका शिक्षकाच्या ४८ मिनिटांत, तिसरी भाषा घालायची तर काय काढणार, हा प्रश्न आहे. उत्तर ठरलेले आहे: परिसर, कला, खेळ.

पश्चिम बंगालचा अनुभव येथे उपयुक्त आहे. डाव्या आघाडीच्या सरकारने १९८० च्या दशकाच्या आरंभी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून मातृभाषेला पूर्ण वाव दिला. शैक्षणिकदृष्ट्या त्या निर्णयाचा पाया भक्कम होता. पण खासगी इंग्रजी शाळांना त्याचे बंधन नव्हते, आणि गरीब पालकांना वाटले की शिडीची पहिली पायरी फक्त त्यांच्याच मुलांची काढून घेतली गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने इंग्रजी परत आणावी लागली. एका देशात दोन प्रकारच्या शाळा ठेवून त्यांतील एकीलाच अभ्यासक्रमाचे शहाणपण लागू केले तर ते शहाणपणही पक्षपात ठरते. कोठारी आयोगाची समान शाळा पद्धतीची शिफारस म्हणूनच अभ्यासक्रमाच्या चर्चेतून वगळता येत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांना हा प्रश्न दुहेरी स्वरूपात भेटतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय राज्यांनी करावी असे राज्यघटनेचे कलम ३५० अ सांगते. ते १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले. बेळगाव भागात मराठी शाळांसाठी ज्या तत्त्वाचा आग्रह धरला जातो, तेच तत्त्व मेळघाटातील कोरकू आणि नंदुरबारच्या भिल्ल मुलांसाठी महाराष्ट्रात धरले गेले पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवले. बेळगावच्या अन्यायाबद्दल संतापणाऱ्या किती जणांनी मोहगावबद्दल आवाज उठवला? आपल्या भाषेपुरता मर्यादित असलेला भाषिक न्याय जनवादी नसतो.

आशयाची लढाई

अभ्यासक्रम व्यापक असावा एवढे म्हणून भागत नाही. त्यात काय भरले जाते हेही पाहावे लागते. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर आलेल्या ‘आसपास’ या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत पाचवीच्या मुलांसमोर सफाईचे काम कोण करतो आणि का, जंगल कोणाचे, असे प्रश्न होते. दहा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न कळतात. त्यांतील पुष्कळ मुले ते रोज जगतात. नव्या आराखड्यानंतरच्या पुस्तकांत असे प्रश्न टिकतात की ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ या गोड नावाखाली त्यांची जागा गौरवगाथा घेतात, याची धडावार तपासणी पक्षाच्या शिक्षक कार्यकर्त्यांनी केली पाहिजे. महाराष्ट्रात तिसरीला आपापल्या जिल्ह्याचे परिसर अभ्यासाचे पुस्तक असते. ही कल्पना चांगली आहे. पण जिल्ह्यातील धरण दाखवताना त्यात कोणाची गावे बुडाली, आणि ऊस दाखवताना तो कोण तोडतो, हे विचारले जाते तेव्हाच परिसराचा अभ्यास होतो.

ऊस निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर जाणारे मूल उन्हाळा लागताना परतते. त्याच्या बाबतीत २०० दिवस आणि ८०० तास ही भाषाच लागू पडत नाही. त्याला पाठ्यपुस्तकाचा कोणता भाग कोणत्या महिन्यात, कोणत्या गावी, कोणाकडून मिळणार हे ठरवणे म्हणजे अभ्यासक्रम आखणे होय. आणि तसे आखायचे तर साखर कारखान्याच्या अड्ड्यावर हंगामभर शिक्षक नेमावा लागेल. कारखान्यांवर त्याची जबाबदारी टाकण्याची हिंमत कोणत्याही सत्ताधारी पक्षात नाही, कारण कारखाने त्यांचेच आहेत.

या प्रश्नावर तत्काळ काही करता येण्यासारखे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. दुर्बल आणि वंचित गटांतील पालकांना प्रमाणशीर स्थान मिळाले पाहिजे. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. सरकारी योजना व अनुदानांचा तो आधार मानला जावा असे कायदाच म्हणतो. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकटे लिहितात आणि समितीच्या सह्या घेतल्या जातात. त्यात पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत असते. शेतमजूर युनियन, किसान सभा आणि महिला संघटना यांच्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा या बैठकांना जावे, एका आठवड्याचे प्रत्यक्ष वेळापत्रक मागून घ्यावे, कोणत्या इयत्तेला कोणत्या विषयाचे किती तास मिळाले ते शिक्षकांबरोबर बसून काढावे, आणि कला, खेळ व प्रयोग यांसाठी किती शिक्षक कमी पडतात तो आकडा आराखड्यात लिहून घ्यावा. तालुक्यातील वीस-पंचवीस शाळांचे असे आकडे हाती आले तर जिल्हा परिषदेपुढील निदर्शनात केवळ ‘शिक्षक द्या’ असे म्हणावे लागणार नाही. किती, कोणत्या विषयाचे आणि कोणत्या वस्तीवर, हे सांगता येईल. शिक्षक संघटनांतील साथींनीही या कामात पुढे यावे. मुलांच्या तासांचा हिशेब मांडला गेला की शिक्षकाकडून हिरावून घेतलेल्या तासांचाही हिशेब त्याच कागदावर येतो.